फेडरला खोबरेल

मी एकदा एका अख्ख्या मिक्सरला खोबरेल तेल लावलं होतं.

मिक्सर म्हणजे चटणी वाटायचा नव्हे. भजनाच्या किंवा भाषणाच्या कार्यक्रमात स्टेजच्या बाजूला एक माणूस कळांनी भरलेली पसरट पेटी पुढ्यात घेऊन गंभीर चेहऱ्याने बसलेला असतो, ती पेटी. तिच्या वरच्या भागात गोल फिरवायच्या कळा असतात, ते नॉब. खालच्या भागात लांबट खाचांतून वरखाली सरकणाऱ्या कळा असतात, ते फेडर. प्रत्येक माइकला आपापला फेडर. वर सरकवला की त्या माइकचा आवाज वाढतो, पार खाली ओढला की बंद होतो. तर त्या सगळ्या फेडरांच्या खाचांत मी कापसाच्या वातीने थेंब थेंब तेल सोडलं, आणि स्वतःवर खूश होऊन आल्याचा चहा करून प्यायले. अशा माणसाला नागपुरात भैताड म्हणतात. मी त्या वेळी चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई होते, म्हणजे भैताडपणाला वयाची सबबसुद्धा नव्हती.

हा धंदा आमच्या घरात यांनी आणला. आमच्या दोन्हीकडे सगळे कारकून नाहीतर मास्तर. यांना मात्र जुनी साउंडची मशीनं विकत घ्यायची, ती दुरुस्त करायची आणि पुन्हा विकायची एवढंच जमायचं. नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान. पाहुणे आले की त्यांना अ‍ॅम्प्लिफायरवर बसावं लागे.

मी या कामात शिरले ती धंद्यासाठी नाही, घरासाठी. एके दिवशी हे एक मिक्सर काखेत मारून आले. त्याच्यावर इतका मळ होता की मूळ रंग कोणता ते त्या मशीनलाही आठवत नसेल.

"हे घरात येणार नाही," मी दारातच म्हटलं.

"अवं, मिक्सर आहे तो."

"असू दे. आधी अंघोळ."

त्याला अंगणात घेतलं आणि मी बसले घासायला. तो स्वच्छ मिक्सर बघून पुढच्याच गिऱ्हाइकाने उचलला. दुरुस्ती यांनी केली होती, पण गिऱ्हाइकाने हात फिरवला तो माझ्या घासण्यावरून. तेव्हापासून ह्यांच्याकडे डाग, म्हणजे सोल्डरिंग, आणि माझ्याकडे मळ, अशी वाटणी झाली ती आजतागायत.

लोकांना वाटतं, घासायचं त्यात काय. सांगते. आधी सगळे नॉब आणि फेडरच्या टोप्या उपटून काढायच्या. घट्ट बसलेल्या टोपीखाली जाड दोरा अडकवून दोन्हीकडून सरळ वर ओढायचं. पकडीने ओढलं तर तुटते. काढण्याआधी कोणत्या रंगाची टोपी कुठे होती ते टिपून ठेवायचं. आता फोनवर फोटो काढते, पूर्वी नातेवाइकांच्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर चित्र काढायची. टोप्या कोमट पाण्यात साबण घालून भिजत ठेवायच्या, मग जुन्या टूथब्रशने घासायच्या. भांड्यांचा काथ्या लावायचा नाही, त्याने टोपीवरची पांढरी रेघ निघून जाते, आणि रेघ गेली की आवाज किती ठेवलाय ते कळत नाही. मग सुपात पसरून सावलीत वाळवायच्या. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात ठेवल्या तर वाकतात. हेही मला वाकवल्यावर कळलं.

मळाचे प्रकार असतात. लग्नाच्या मशीनमध्ये हळद आणि अक्षता. गणपतीच्या मशीनमध्ये गुलाल, तो कितीही धुतला तरी पाणी गुलाबीच. भजनी मंडळाच्या मशीनमध्ये बुक्का आणि उदबत्तीची राख. ऑर्केस्ट्राच्या मशीनवर विडीकाडीचा पिवळा चिकटा. काटोलकडच्या मशीनमधून मी संत्र्याच्या बिया काढल्या आहेत. ऑपरेटर तिथेच बसून सोलतो आणि तेच हात फेडरवर. मळ बघून मी मशीनचं गाव ओळखायला लागले होते. चारचौघांत सांगायची, "हे उमरेडकडचं, खाणीचा कोळसा बघा." निम्म्या वेळा चुकायची, पण चुकलेलं सांगायला मी काही बांधील नव्हते.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका डीजेवाल्या पोराने तर मला हातच लावू दिला नाही. "काकू, मळ काढसान तं बेस कमी होईन," म्हणाला. मी म्हटलं, "बाळा, मग तुझ्या मानेला तरी साबण लाव, तिथून काही बेस येत नाही." तो अजून येतो आमच्याकडे. मान स्वच्छ असते.

हे झालं बाहेरचं. खरी मेख आतमध्ये. फेडरच्या पोटात एक काळी पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची छोटीशी जीभ घासत जाते. पट्टीवर धूळ बसली की माइकमधून खर्र, खर्र येतं. त्यावर एक फवारा मिळतो, तो मारून पट्टी धुवायची. पण त्या फवाऱ्याने मळाबरोबर कारखान्यात लावलेलं वंगणही जातं आणि फेडर कोरडा, अडखळत चालतो. म्हणून शेवटी बाजूच्या दांडीवर एक खास ग्रीस टाचणीच्या टोकावर घेऊन लावायची. ती आपल्याकडे मिळत नसे, हे बाहेरून मागवत. आणि त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, "ही ग्रीस नसन तं काहीच लावायचं नाही. कोरडा राहिला तरी चालते."

आता रेखाची गोष्ट. तेल लावलेला मिक्सर तिचा.

रेखा उमरेडची. तिचा नवरा साउंडवाला. आजूबाजूच्या खेड्यांतली लग्नं, सप्ताह, शाळेची संमेलनं करायचा. एका लग्नात खांबावर भोंगा बांधताना तो वरून पडला. त्याची कंबर गेली, आणि भोंगा खाली मिक्सरवर पडला म्हणून मिक्सरही गेला. डॉक्टरांनी चढायला, उचलायला कायमची मनाई केली. बाकीचं सामान घरात, कमावणारा खाटेवर. तेव्हा रेखाने ठरवलं की मशीन आपण चालवायची. नवऱ्याने खाटेवरून शिकवलं, हिने शिकून घेतलं.

ती आमच्याकडे मिक्सर घ्यायला आली दसऱ्याच्या सुमाराला. एकटीच, एसटीने. उंच, सडपातळ, पदर कमरेला खोचलेला. उमरेडच्या पुढच्या एका गावात पौषात सप्ताह असे. तिथल्या कमिटीचे प्रमुख अण्णाजी म्हणून होते. दरवर्षी साउंड तिच्या नवऱ्याचाच. या वर्षी बाई चालवणार म्हटल्यावर कमिटीने नाकं मुरडली. शेवटी अण्णाजी म्हणाले होते, "हा एक सप्ताह करून पाय. बरोबर झालं तं पुढं तुलेच देऊ. नाही झालं तं आम्हाले दुसरा पाहा लागन." आसपासची गावंही त्याच सप्ताहाकडे डोळे लावून होती. तो जमला तर घर चालणार, नाही जमला तर सामान विकायचं. हे सगळं तिने मला पाणी पितापिता सांगितलं, रडगाणं न लावता.

तिने एकेक फेडर सरकवून पाहिला. म्हणाली, "चांगला हाये जी काकू. पण जरासा अडखळते."

हे म्हणाले, "ग्रीस संपली आहे. आठ दिवसांनी ये, लावून ठेवतो."

"पुन्हा येणं नाही जमत जी. यांच्यापाशी कोणी नाही राहत."

"मंग असाच ने. चालते." आणि हे जेवायला आत गेले.

इथे माझा दीडशहाणपणा जागा झाला. त्या वेळची मी आज समोर आली तर तिला दोन शब्द सुनावीन, पण ती ऐकणार नाही, फार तोरा होता तिला. बिचारी रेखा इतक्या लांबून आली आणि अडखळणारा मिक्सर घेऊन जाणार? दाराची बिजागरी करकरली की आपण तेल घालतोच की नाही? शिलाई मशीनचं तेल होतं घरात, पण त्याला वास घाण. बाईमाणसाच्या हाताला तो वास नको म्हणून मी नाहणीघरातून डोक्याला लावायचं सुगंधी खोबरेल आणलं. इतका बारीक विचार केला होता मी!

रेखाला सांगितलं, "थांब, माझ्याकडचं खास लावून देते." बाटली पदराआड धरली. वंगण कोणतं ते गिऱ्हाइकाला दाखवायचं नसतं, असा माझा आव. तेल मुरलं आणि फेडर असे सरकायला लागले की काय सांगू.

"अवं बाई, काकू! लोण्यावानी चालते!" रेखाचा चेहरा उजळला. मी फक्त मान डोलावली. ह्यांना यातलं काही सांगितलं नाही. नेहमीसारखे ते आतूनच ओरडून म्हणाले, "रेखाताई, नीट ने वं," आणि तो मिक्सर गोधडीत गुंडाळून रेखा गेली.

पौष आला. सप्ताहाचे पहिले दिवस आभाळ ढगाळ होतं, त्यामुळे थंडी नव्हती. मिक्सर उत्तम चालला. मग एका रात्रीत आभाळ मोकळं झालं आणि विदर्भात पडतो तसा गारठा पडला. त्या पहाटे सहाच्या सुमाराला आमच्या घरी फोन. रेखा बोलत होती, गावातल्या कुणाच्या तरी मोबाईलवरून.

"काकू, मशीन बिघडली जी. काकडा सुरू झाला अन् फेडर हालेच नाही. महाराजाचा आवाजच बंद. जोरानं लोटला तं एकदम वर गेला अन् भोंगा असा किंचाळला, लेकरं रडाले लागली. सारे माह्याकडे पाहून राहिले."

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "तुमच्या उमरेडला कोळसा उडतो ना गं. गेली असेल धूळ आत."

"मी झाकून ठेवते जी रोज."

"तरी जाते धूळ."

ह्यांनी फोन घेतला आणि मशीन घेऊन ये म्हणून सांगितलं. भर दुपारी ती आली. जागरणाने डोळे लाल, काखेत मिक्सर. अंगणात छान ऊन होतं, तिथेच टेबलावर ठेवला, वायर जोडली. ह्यांनी फेडर वर केला, खाली केला. लोणी. दुसरा केला. लोणी. माइकमध्ये हॅलो म्हणून पाहिलं, आवाज स्वच्छ.

"याले तं काहीच झालं नाही," हे म्हणाले.

"सकाळी हालत नव्हता जी."

"आता तं बरोबर चालून राहिला."

"मंग मी खोटं बोलून राहिली का, काका?"

हे गडबडले. "तसं नाही वं. उघडून पाहू का?"

"टाइम नाही जी. संध्याकाळचं कीर्तन हाये. बस सुटन."

आणि मग मी तोंड उघडलं. मला मशीनचा बचाव करायचा होता, म्हणजे माझा. मी समजुतीच्या सुरात म्हटलं, "रेखा, मशीन चालवायला हात बसावा लागतो. तुझ्या नवऱ्याचा बसला होता. तुझा अजून बसायचा आहे. घाबरून जोर लावला असशील."

तिने वायर काढली. गोधडी गुंडाळली, बसस्टँडकडे गेली. मला वाटलं, चांगलं समजावलं आपण.

संध्याकाळच्या कीर्तनाला मंडपात माणसांची ऊब असते, दिव्यांची ऊब असते. मिक्सर चालला. दुसऱ्या पहाटे पुन्हा फोन.

"आजही तसंच झालं, काकू."  मीच विचारलं, अण्णाजी काय म्हणाले. "उद्या काला हाये. उद्याचा काकडा बिघडला तं काल्याले भिवापूरचा माणूस आणतो म्हणे. अन् पुढंही त्यालेच." मग म्हणाली, "घरचे म्हणतात, आता सामान काढून टाकू. तुम्ही मशीन परत घेता का जी?"

मी बघते म्हणाले.  अंघोळीला गेले. अंघोळीआधी डोक्याला तेल लावायची सवय. बाटली उघडली, तळहातावर उलटी केली. तेल पडेना. हलवली, आपटली, तरी पडेना.

आत सगळं पांढरं, घट्ट.

वाचकहो, मी नागपुरातच जन्मले. दर थंडीत, लहानपणापासून, मी खोबरेलची बाटली उन्हात ठेवत आले आहे. दर थंडीत! आणि तेच तेल मी पहाटेच्या उघड्या मंडपात बसणाऱ्या मशीनच्या पोटात घातलं होतं. पहाटे ते गोठायचं, जीभ पट्टीवरून उचलली जायची आणि आवाज बंद. जोर लावला की फेडर सुटून एकदम वर. दुपारी ते आमच्या अंगणातल्या उन्हात विरघळायचं आणि मी रेखाला सांगायची की तुझा हात बसला नाही.

अंघोळ तशीच सोडून मी बाहेर आले. हे पेपर वाचत होते.

"मी उमरेडला जाते आहे."

"काहून?"

"त्या फेडरांना मी तेल लावलं होतं."

पेपर खाली आला. "कोणतं?"

"खोबरेल."

यांनी पेपरची घडी घातली. "साधं का सुगंधी?"

"सुगंधी."

"मंग बरोबर," म्हणाले, आणि उठून कपाटातून फवाऱ्याचा डबा, स्पिरिटची बाटली आणि नव्याने आलेल्या ग्रीसची डबी काढून माझ्या पिशवीत घातली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मीही येऊ का?" मी नको म्हटलं. फेडर उघडायला मी त्यांच्याकडूनच शिकले होते आणि हे निस्तरणं माझं होतं.

उमरेडपर्यंत एसटी, पुढे जीप. मंडप गावाबाहेरच्या मोकळ्या शेतात होता. रेखा स्टेजच्या मागे पोत्यावर बसून वायरी गुंडाळत होती. मला बघून उभी राहिली. मी फक्त म्हटलं, "मिक्सर दे. उघडायचा आहे."

आम्ही दोघी स्टेजमागे पडद्याच्या सावलीत बसलो. दोन-तीन म्हातारे कुतूहलाने आले.

"मिस्त्री आला का वं?" एकाने रेखाला विचारलं.

"येऊन राहिला," रेखा म्हणाली.

"अन् ह्या कोण? सासू का?"

"पाहुण्या हायेत."

म्हातारे मिस्त्रीची वाट बघत तिथेच बिड्या ओढत बसले. मी पाहुणी स्क्रू काढत होते. रेखा ते वाटीत टाकत होती. वरचा पत्रा उचलला, पहिला फेडर सोडवला, त्याचं झाकण उचकटलं. सावलीत अजून गारवा होता. खाचेत पांढरी साय बसलेली, तिच्यात धूळ रुतलेली. माझं तोंड उघडण्याआधी रेखाने बोटाने ती साय उचलली आणि नाकाशी नेली.

"काकू, हे खोबरेल हाये."

"हो. मीच लावलं होतं. त्या दिवशी, खास म्हणून."

 तिने बोट पदराला पुसलं आणि पुढचा स्क्रू काढायला माझ्या हातातला पेचकस घेतला. बराच वेळ आम्ही काम करत राहिलो. एकेक फेडर सोडवायचा, स्पिरिटने धुवायचा, सुकू द्यायचा, फवारा मारायचा, पट्टी कोरडी करायची, दांडीवर टाचणीच्या टोकाने ग्रीस. रेखाचा हात माझ्यापेक्षा हलका होता. मधेच ती खाली मान घालून म्हणाली, "दोन दिवस मले वाटलं, माह्याच हातात दोष हाये. तुम्ही म्हणाल्या ना तसं. बसमध्ये येता येता मी हा हात पाहून राहिली होती."

मी "माफ कर गं" म्हटलं. असे शब्द म्हणायला सोपे असतात आणि म्हटल्यावर फारच लहान वाटतात. ती "असू द्या जी" म्हणाली नाही. ती म्हणाली, "तिकडची पट्टी अजून ओली हाये, पुसा."

संध्याकाळपर्यंत मिक्सर बंद करून जोडला. कीर्तनाला चालला, पण कीर्तनाला तर आधीही चालत होता. परीक्षा पहाटे होती. मी त्या गावात रेखाबरोबर शाळेच्या वऱ्हांड्यात मुक्काम केला. झोप लागली असं म्हणवत नाही.

पहाटे शेतावर धुकं होतं. माणसं घोंगड्या, शाली पांघरून येत होती, शेकोटीपाशी हात शेकत होती. अण्णाजी पहिल्या ओळीत, मफलर कानाला घट्ट, आणि नजर भजनी मंडळाकडे नाही तर मिक्सरकडे. त्यांच्या मागे ते म्हातारे. सगळे जण बिघाडाची वाट बघत बसल्यासारखे. रेखाने फेडरवर बोटं ठेवली. मी तिच्या मागे उभी होते.

महाराजांनी टाळ उचलला. रेखाने फेडर वर केला.

तो गेला. सावकाश, तिला हवा तिथपर्यंत, आणि तिने थांबवला तिथे थांबला. आवाज मंडपातून शेतावर गेला, एकसारखा. मग मृदंगाचा माइक, मग मागच्या टाळकऱ्यांचा. मधे महाराजांनी खालच्या पट्टीत घेतलं तेव्हा तिने त्यांचा आवाज कळेल न कळेल इतका वर घेतला. ते मी तिला शिकवलेलं नव्हतं, आणि मला येतही नव्हतं.

काकडा संपला. अण्णाजी उठून आमच्याकडे आले. "आज बरोबर झालं," म्हणाले. "काय बिघडलं होतं?"

मी पुढे सरसावले. रात्रभर मी हेच जुळवत होते. सगळ्यांसमोर सांगायचं, चूक हिची नाही, माझी. पाहिजे तर माइकवरून सांगायचं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात रेखा म्हणाली, "थंडीनं आखडली होती मशीन, अण्णाजी. मिस्त्रीनं बरोबर करून देल्ली."

"कधी आला मिस्त्री? आम्हाले तं दिसला नाही."

"येऊन गेला."

अण्णाजींनी मान हलवली. काल्याला दुसरं कुणी आलं नाही. पुढच्या वर्षीचा सप्ताह तिलाच मिळाला, आणि बाजूच्या गावांतली लग्नंही. आज तिच्याकडे स्वतःचा टेम्पो आहे. मिक्सर आता डिजिटल आहे, नुसती काच. तिच्यावर बोटाने चित्रातले फेडर सरकवायचे. त्यात घासायला काही नाही. माझा नातू म्हणतो, आजी, तुझा धंदा संपला. संपू दे, काचेला बोटांचे डाग पडतातच. रेखा अजून दिवाळीत येते, जुने अ‍ॅम्प्लिफायर घासायला ठेवून जाते आणि मी नॉब धुताना बाजूला उभी राहून लक्ष ठेवते. अण्णाजी आता हयात नाहीत. हा लेख लिहायच्या आधी मी तिला फोन करून विचारलं, लिहू का? ती हसली आणि म्हणाली, लिहा, आता काय होते.

पण त्या पहाटे ती हसत नव्हती. अण्णाजी पाठमोरे झाल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, मला खरं सांगू दे त्यांना. माझ्या मनाला टोचतंय." तेव्हा तिने मला पदराला धरून भोंग्याच्या पेट्यांमागे ओढलं, आणि एक हात कमरेवर ठेवून हळू आवाजात जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते:

"काकू, सांगसान तं तुमचं मन हलकं होईन, पण हे लोक म्हणतीन, एका बाईनं मशीन बिघडवली अन् दुसरीले समजलं नाही. चूक तुमची हाये, पण ऑर्डर माही हाये. आता चूप बसा जी, अन् चूप बसणं जमत नसन तं तिकडं चुलीपाशी जाऊन चहा घ्या."